माझा मैत्रीण

९ जानेवारी

दात बाई निघाला!

आयुष्यभर ज्याला ‘तो दात’ म्हणत आले, घासून-पुसून मेणात बसवत आले, तो फ्रेंचमध्ये ‘ती’ आहे. आणि कवळी? कवळी तिकडे बाप्या. आज पहिलाच तास आणि पहिल्याच तासाला माझ्या धंद्याची अशी उलटापालट. मादामला विचारलं, असं का? मादाम म्हणजे आमच्या फ्रेंचच्या बाई — वयाने माझ्या भाचीएवढी, पण मादामच म्हणायचं असा नियम आहे. ती म्हणाली, “का ते विचारायचं नाही. पाठ करायचं.”

क्लास सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, माडीवर. आमच्या आधी तिथे लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग भरतो. त्यामुळे बाकं बुटकी. बसलं की गुडघे हनुवटीशी, आणि उठलं की कोपराला कुणाचं तरी निळं आकाश लागलेलं.

मला इथे ढकललं सासूबाईंनी. “दिवसभर लोकांचे दात करतेस आणि संध्याकाळी माझं तोंड बघत बसतेस. जा, काहीतरी शीक.” कुंभारकामाचा वर्ग पूर्ण भरलेला होता. फ्रेंचमध्ये जागा होती. इतकी साधी गोष्ट आहे.

१२ जानेवारी

जेवताना सासूबाईंना सांगितलं, फ्रेंचमध्ये दोनच लिंगं. नपुंसकलिंग नाहीच. त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली (मीच केलेली आहे, बसते छान, पण विचार करायचा असला की त्या काढतात) आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, “मग बाळ कुठे घालतात?”

“बाळ पुल्लिंगी.”

“आणि मुलगी झाली तर?”

“तरी बाळ म्हणायचं असलं की पुल्लिंगीच.”

“म्हणजे तिकडेही तेच,” म्हणाल्या, आणि कवळी परत घातली.

१९ जानेवारी

आज हसून हसून पोट दुखलं. अजून दुखतंय.

पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसतात. लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांचं स्वतःचं छोटं दुकान आहे. सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणतात, तेही हाकेला ओ देतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी परदेशात, आणि नात फक्त फ्रेंच बोलते. फोनवर ती काहीतरी सांगते आणि आजोबा नुसते “हो हो” करतात. म्हणून हा खटाटोप.

मादामने सांगितलं, घरच्या कुणाबद्दल एक वाक्य बोला. लिफ्टवाले उठले, शर्ट खाली ओढला. मित्राला आणि मैत्रिणीला ‘अमी’ म्हणतात हे परवा झालं होतं. लहानला काय म्हणतात तेही झालं होतं. त्यांनी दोन्ही जोडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले की, मला एक छोटी मैत्रीण आहे, ती चार वर्षांची आहे.

‘पतीतामी’ असा उच्चार होतो. मला ऐकू आलं — पतित आम्ही! मी आधी त्यालाच हसत होते. पण मादामचा चेहरा पाहिला तर लालबुंद. ती म्हणाली, हा जोडशब्द आहे. छोटी मैत्रीण म्हणजे प्रेयसी. तुम्ही आत्ता वर्गाला सांगितलंत की, तुमची प्रेयसी चार वर्षांची आहे.

वर्गातली एक कॉलेजची मुलगी बाकाखाली गेली हसत. लिफ्टवाले उभेच. कान लाल. मग शांतपणे म्हणाले, “बरं झालं इथेच कळलं. रविवारी जावयाच्या आईला फोन करून हेच सांगणार होतो.”

असा माणूस आवडतो मला. म्हणजे, स्वतःवर हसणारा. सर्वसाधारणपणे म्हणतेय.

२३ जानेवारी

मजेदार नियम! फ्रेंचमध्ये ‘माझा’ आणि ‘माझी’ वेगवेगळे आहेत, आपल्यासारखेच. मी खूश झाले, म्हटलं एवढं तरी फुकटात आलं. कसलं काय! मादाम म्हणाली, ‘अमी’ शब्द स्वराने सुरू होतो, आणि ‘माझी’ म्हणजे ‘मा’, त्याच्याही शेवटी स्वर. दोन स्वर एकमेकांवर आपटले की फ्रेंच कानाला सोसत नाही. म्हणून अशा वेळी खुशाल ‘माझा’ म्हणायचं. मोनामी. माझा मैत्रीण!

आणि मोनामी म्हणजे माझा मित्रही. उच्चार तोच. फक्त लिहिताना मैत्रिणीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर येतं, ते मुकं. बोलताना बाई की बाप्या, कुणाच्या बापाला कळायचं नाही.

जिना उतरताना लिफ्टवाले मागे होते. खाली पायरी तुटकी आहे. म्हणाले, “जपून हं, माझा मैत्रीण.”

मी म्हटलं, “व्याकरण पक्कं झालेलं दिसतंय.”

घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते. किल्ली उलटी घातली.

२७ जानेवारी

मादाम आजारी, क्लास नाही. तयार होऊन बसले होते. मग तशीच नव्या साडीत भांडी घासली.

३० जानेवारी

मित्राला आणखी एक शब्द आहे. पुरुष असला तर कोपॅं, बाई असली तर कोपीन. घरी येऊन सासूबाईंसमोर घोकत होते — मा कोपीन, मा कोपीन. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “काय म्हणतेस? कौपीन?”

“कोपीन. मैत्रीण.”

“अगं, कौपीन म्हणजे बैराग्याची लंगोटी!”

मग आम्ही दोघी ज्या हसत सुटलो! मी म्हणायचं “माझी लंगोटी” आणि त्यांनी डोळे पुसायचे. शेवटी त्यांना ठसका लागला, पाणी दिलं, पाठ चोळली. नवरा गेल्यापासून ह्या घरात असं हसू आलं नव्हतं. दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं असावं, कारण दोघींचं हसू एकदमच थांबलं. त्यांनी उगाच टेबलावरचा त्याचा फोटो सरळ केला. तो सरळच होता.

६ फेब्रुवारी

हे मादामने आधी का नाही सांगितलं!

आज म्हणते, मित्राबद्दल बोलताना जपा. ‘एक कोपॅं’ म्हणजे मित्र. पण ‘माझा कोपॅं’ म्हटलं की लोक समजतात, ह्यांचं जमलंय. अमीचंही तसंच. नुसता स्नेही असेल तर ‘एक’ म्हणावं. ‘माझा’ म्हटलं की ऐकणारा कान टवकारतो.

म्हणजे लिफ्टवाले गेले कित्येक दिवस जिन्यात मला जे म्हणतायत ते काय? व्याकरण की ते दुसरं? त्यांना हे माहीत होतं का? आज ऐकताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता, पण माझीच मान वर होईना. गुडघ्यांकडे बघत बसले.

ह्या वयात हे काय!

७ फेब्रुवारी

कामावर डावी दाढ उजवीकडे बसवली. तशीच पुढे गेली असती तर कुणीतरी बिचारा तिरकं चावत बसला असता. मेणाचं काम करणारी माझी सोबतीण — तिला आम्ही मेणवालीच म्हणतो — ठशाकडे बघून म्हणाली, “काय गं, लक्ष कुठंय?”

लक्ष कुठंय ते मला चांगलं माहीत आहे. तिला सांगणार नाही.

१३ फेब्रुवारी

संपलं. बरं झालं.

आमच्या कामाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि दुरुस्तीला आले कोण, तर तेच. दुपारी मेणवालीबरोबर चहाला निघाले तर जिन्यापाशी पाना हातात घेऊन उभे. मला बघून चेहरा केवढा खुलला! निदान मला तसं वाटलं. मेणवाली भोचक, तिने लगेच त्यांनाच विचारलं, “तुम्ही ओळखता हिला?”

ते म्हणाले, “हो, एक मैत्रीण आहे. क्लासमधली.”

एक.

चहात साखर घालायची विसरले आणि तसाच प्यायले. एवढं वाईट वाटायचं काय कारण? त्यांनी काही वचन दिलं होतं का? नाही. मीच मनाचे मांडे खात बसले होते. स्वतःचाच राग येतोय, आणि थोडा त्यांचाही. थोडा नाही, बराच.

१६ फेब्रुवारी

क्लासमध्ये मुद्दाम मागच्या बाकावर बसले. तिथून फळा दिसत नाही. काही फरक पडला नाही, काही कळतही नव्हतं. उतरताना ते तुटक्या पायरीशी थांबले होते. “काही चुकलं का माझं?”

“नाही हो. घाई आहे.”

कसली घाई? घरी येऊन कपाट आवरलं.

१७ फेब्रुवारी

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण दिसतं त्यांना सगळं. संध्याकाळी शेंगा निवडताना मान वर न करता म्हणाल्या, “तो लिफ्टवाला हल्ली काय करतो? आधी रोज त्याच्या गोष्टी असायच्या. आता नाव नाही.”

“काय करणार? लिफ्टा दुरुस्त करतो.”

“तुझा कोण आहे तो?”

“कोणी नाही. एक मित्र आहे. क्लासमधला.”

तोंडातून गेलं आणि शेंग हातातच राहिली. हेच! अगदी हेच शब्द! त्यांनी मेणवालीला जे सांगितलं तेच मी सासूबाईंना सांगितलं. आणि मी खोटं बोलले. मग तेही कशावरून खरं बोलले?

पानभर विचार करून झाला. आता सरळ लिहिते. मला तो माणूस आवडतो. त्यांनी ‘माझा’ म्हणावं असं वाटतं, आणि मलाही म्हणावंसं वाटतं. पण ज्या घरात म्हणायचं ते घर सासूबाईंचं. समोर त्यांच्या मुलाचा फोटो. मुलगा गेला तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, सून माहेरी जाईल. मी गेले नाही, त्यांनी पाठवलं नाही. एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिलो. त्यांच्यापाशी माझ्याशिवाय कोणी नाही. आता मी दुसऱ्या कुणाला माझा म्हटलं तर त्या मला काय म्हणतील? आणि मी त्यांची कोण राहीन? सून तर मुलामुळे असते.



२ मार्च

तोंडी परीक्षा! शेजाऱ्याची ओळख करून द्यायची, मादामसमोर आणि वर्गासमोर. मादामने चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. माझी चिठ्ठी कुणाबरोबर निघाली ते लिहायलाच नको.

आधी ते. उठले, शर्ट खाली ओढला. ही दात तयार करते, हिला हसायला आवडतं, हिला फळा नीट दिसत नाही तरी मागे बसते. वर्ग हसला. मग म्हणाले — से मोनामी. म्हणजे, ही माझा मैत्रीण आहे.

मादामने चष्म्यावरून बघितलं. फ्रेंचमध्ये विचारलं, ‘माझी’ का ‘एक’? नक्की काय म्हणायचंय? चूक सुधारायची तिने संधी दिली त्यांना.

ते मराठीत म्हणाले, “मादाम, ‘एक’ एकदा म्हणून बघितलं. बरोबर नव्हतं ते.” आणि फळ्याकडे गेले, मोनामी लिहिलं, आणि शेवटी ते मुकं अक्षर काढलं. चांगलं ठळक.

माझ्या कानात नुसता भुंगा. आणि तेवढ्यात मादाम म्हणाली, आता तुम्ही. मी उठले. सगळं नीट बोलले — लिफ्ट, नात, चार वर्षं, आता ‘छोटी मैत्रीण’ म्हणत नाहीत. शेवटच्या वाक्याला समोर वर्ग दिसेना, घरच्या टेबलावरचा फोटो दिसला. आणि माझ्या तोंडून निघालं — हा एक मित्र आहे.

“त्रे बियँ,” मादाम म्हणाली. उत्तम. पूर्ण गुण. त्यांचा एक गुण कापला, परीक्षेत मराठी बोलल्याबद्दल.

ते हसले. टाळीही वाजवली. पण आज तुटक्या पायरीशी कोणी थांबलं नव्हतं.

३ मार्च

पूर्ण गुण! मेले ते पूर्ण गुण.

५ मार्च

त्यांचं कुठे काम चाललंय ते क्लासखालच्या सायकलवाल्याकडून काढलं आणि कामावरून उठून थेट तिथे गेले. कचेरीची जुनी इमारत, लोखंडी जाळीची लिफ्ट. ते खालच्या खड्ड्यात उतरलेले, नुसतं डोकं जमिनीच्या वर. हातभर ग्रीस.

मी वरून म्हटलं, “ते ‘एक’ चुकलं.”

“मादामने तर बरोबर दिलं.”

“मादामला काय कळतंय! लग्न तरी झालंय का तिचं?”

त्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. म्हणाले, “त्या दिवशी तुमच्या सोबतिणीसमोर मीही घाबरूनच ‘एक’ म्हणालो. कामाच्या जागी तुमचं नाव व्हायला नको, म्हणून. मग मागच्या बाकावर गेलात तेव्हा कळलं.”

“काय कळलं?”

“की ते ‘एक’ टोचलं होतं.”

मग मी सासूबाईंचं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, खड्ड्यातल्या माणसाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “घाई नाही मला. लिफ्टचा माणूस आहे, मजल्यामजल्यावर थांबायची सवय आहे.”

वर येताना हात दिला मी. ब्लाउजच्या बाहीला ग्रीस लागलं. ते धुवायला टाकलं आहे, पण जाणार नाही म्हणतात. नाही गेलं तरी चालेल.

११ मार्च

सासूबाईंना सांगायचं ठरवून बसले. “आई, एक सांगायचं होतं—” त्या म्हणाल्या, “सांग.” मी म्हटलं, “मीठ संपलंय.”

१५ मार्च

पुन्हा ठरवलं. पुन्हा मीठ. आता घरात वर्षभराचं मीठ आहे.

२१ मार्च

फ्रेंचच्या सरावाला म्हणून त्यांना चहाला बोलावलं. सासूबाईंनी ठेवणीतले कप काढले, मला न विचारता. लिफ्टवाले नवा शर्ट घालून आले, आणि खुर्चीच्या कडेवर असे बसले की जणू खुर्ची दुसऱ्याला विकलेली आहे.

सासूबाईंनी आडवळण घेतलंच नाही. “तुमच्या त्या भाषेत हिला काय म्हणायचं?”

“मोनामी.”

“त्याचा अर्थ काय?”

“माझा मैत्रीण.”

“माझी म्हणा.”

“तिकडे ‘माझा’च म्हणतात. स्वर आपटतो.”

“इथे म्हणा हो. इथे काही आपटत नाही.”

ते माझ्याकडे बघायला लागले. मी कपाकडे. मग ते हळूच म्हणाले, “माझी मैत्रीण.”

सासूबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. नातीचे फोटो बघितले, लिफ्टमध्ये माणसं अडकतात तेव्हा काय करतात ते विचारलं. ते गेल्यावर मात्र त्यांनी मुलाचा फोटो उचलला, पदराने काच पुसली आणि फोटो घेऊन आपल्या खोलीत गेल्या. दार लावलं.

मी कप विसळले. पुन्हा विसळले. आत जावं की नाही कळेना.

२२ मार्च

फोटो अजून त्यांच्या खोलीतच आहे. बोलणं जेवढ्यास तेवढं. कवळीही घातली नाही आज. विचार चाललेला दिसतोय.

मी ठरवलंय. त्यांना नको असेल तर नको. लिफ्टवाल्यांना तसं सांगेन. ते समजून घेतील. मलाच समजून घ्यायला जड जाईल, ते घेईन.

२३ मार्च

सकाळी बाजारातून येत होते. जिन्यातून आवाज ऐकू आले. आमचं दार उघडं, दारात शेजारच्या वहिनी, आणि आत खुर्चीवर लिफ्टवाले! मी बोलावलं नव्हतं. सासूबाईंनीच सायकलवाल्याकडून निरोप धाडला होता म्हणे. कवळी घातलेली, केस विंचरलेले.

वहिनींनी मान लांब करून विचारलं, “कोण आलंय हो?”

मी पिशवी घेऊन पायरीवरच थांबले. आत सासूबाई म्हणाल्या, “जावई आहेत आमचे.”

सासूबाईंना मुलगी नाही. म्हणजे, कालपर्यंत नव्हती.